इंजिनाचें वय : वरून आणि आंतून

मुळशी तालुक्यांतील उरवडे या गांवीं आगगाडीची शिटी ऐकूं येत नाहीं. पिरंगुटच्या घाटांतून कारखान्यांचा माल घेऊन चढणाऱ्या मालमोटारींची घरघर मात्र त्या बाजूच्या लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मोटार नवी कीं जुनी, हें तेथला शाळकरी मुलगाहि तिच्याकडे न पाहतां सांगूं शकतो. चढावर तिचा आवाज कसा फुटतो आणि मागून धूर कोणत्या रंगाचा निघतो, एवढ्यावरून तो आपला निकाल देतो. नवा रंग दिलेली, आरशांना गोंडे बांधलेली मोटार घाटाच्या मध्यावर धापा टाकूं लागली म्हणजे तिचें खरें वय उघड होतें. मालगाडीच्या डिझेल इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. भेद एवढाच कीं, मोटार बंद पडली तर एका मालकाचा खोळंबा होतो. मालगाडीचें इंजिन घाटांत बसलें तर त्याच्या मागच्या सर्व गाड्या अडकून पडतात, आणि शहरांतल्या गृहिणीच्या डब्यांतल्या साखरेपासून शेतकऱ्याच्या खतापर्यंत अनेक गोष्टी वाटेंत थांबतात. म्हणून इंजिन म्हातारें झालें कीं नाहीं, हें ठरवायचें कसें, हा प्रश्न केवळ रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुरता नाहीं.

उरवड्याहून पूर्वेस निघून पुणें शहर ओलांडलें म्हणजे घोरपडी लागते. तेथें मध्य रेल्वेची डिझेल शेड आहे. शेड म्हणजे इंजिनांचा तबेला आणि इस्पितळ, दोन्ही एकाच छपराखालीं. दौंड, सोलापूर, मिरज, कोल्हापूर या दिशांना मालगाड्या नेणारीं कित्येक इंजिनें येथें नांदलीं, येथेंच दुखण्यानें पडलीं आणि येथेंच बरीं होऊन पुन्हां रुळांवर गेलीं. त्यांच्या अंगावर लिहिलेल्या अक्षरांनीं पुष्कळ प्रवासी गोंधळतात. पण त्यांचा अर्थ सोपा आहे. ‘डब्ल्यूडीजी’ यांतील पहिलें अक्षर रुंद रुळांचें, दुसरें डिझेलचें आणि तिसरें मालगाडीचें. तिसरें अक्षर ‘एम्’ असेल तर तें इंजिन उतारूंची आणि मालाची अशा दोन्ही गाड्या ओढण्याजोगें समजावें.

या घराण्याचा मूळ पुरुष अमेरिकेंतला. आल्को कंपनीच्या आराखड्याचीं, २६०० अश्वशक्तीचीं ‘डब्ल्यूडीएम-२’ जातीचीं इंजिनें १९६२ सालीं भारतांत आलीं, आणि जानेवारी १९६४ मध्यें तसलेंच इंजिन वाराणशीच्या कारखान्यांतून बाहेर पडलें. पुढें १९९५ च्या सुमारास त्याच वंशांत ३१०० अश्वशक्तीचें, १२३ टन वजनाचें ‘डब्ल्यूडीजी-३ए’ हें खास मालगाडीचें इंजिन जन्मास आलें. पुण्याच्या शेडनें या दोन्ही पिढ्या सांभाळल्या.

डिझेल इंजिन आपल्या शक्तीनें सरळ चाकें फिरवितें, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. या इंजिनांत सोळा नळकांडीं असतात. प्रत्येक नळकांड्यांत दट्ट्या वर येतो आणि कोंडलेली हवा सुमारें बारापट दाबतो. सायकलच्या टायरांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हें सर्वांनीं अनुभविलें आहे. तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणांत होतो. हवा इतकी तापते कीं, तिच्यांत डिझेलचा बारीक फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो, ठिणगीची गरजच लागत नाहीं. त्या भडक्यानें दट्ट्या खालीं रेटला जातो, जाड दांडा फिरतो, आणि तो दांडा विजेचें जनित्र फिरवितो. निघालेली वीज सहा आंसांवर बसविलेल्या सहा मोटारींना पोंचते, आणि चाकें फिरतात तीं त्या मोटारींनीं. तेव्हां लोक ज्याला डिझेल इंजिन म्हणतात, तें वास्तविक स्वतःचें वीजघर पाठीवर वाहणारें विजेचेंच इंजिन होय. म्हणूनच त्याला वार्धक्य येतें तें तीन ठिकाणीं : कातडीला, छातीला आणि विजेच्या तारांच्या रूपानें असलेल्या मज्जातंतूंना. हीं तिन्ही एकाच वेगानें म्हातारीं होत नाहींत, आणि येथेंच पाहणाऱ्याची फसगत होते.

प्रथम कातडी पाहूं जावें. उन्हानें रंग फिका पडतो. पावसाळे जातात तसतसे त्याला पोपडे धरतात. चाकांजवळच्या सांगाड्यावर तांबूस-तपकिरी थर दिसतो. त्यांतला बराचसा भाग गंजाचा नसून ब्रेकाच्या बिडाच्या ठोकळ्यांच्या झिजेची ती पूड असते. खालच्या अंगाला तेलानें भिजलेली काळी धूळ चिकटून असते. खरा गंज मोठ्या उघड्या पत्र्यावर सहसा बसत नाहीं. जेथें पाणी आणि माती एकत्र मुरतात तेथें तो घर करतो : दरवाजांच्या तळाशीं, चालकाच्या पायाखालच्या जमिनींत, खिडकीच्या रबराखालीं, आणि आम्ल सांडून पत्रा खाल्ला जातो त्या बॅटरीच्या पेटाऱ्यांत. चालकाच्या खोलीकडे चढण्याचा दांडा मात्र उलट उजळलेला असतो, कारण हजारों वेळां माणसांच्या हातांनीं तो घांसला गेलेला असतो.

चाकांचें वय तर मोजपट्टीनेंच मोजतां येतें. या जातीच्या इंजिनाचें नवें चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचें असतें. रुळांवर घांसून त्याच्या पाठीला खळगा पडतो, आणि वळणावळणाच्या मार्गावर त्याची आंतली कड पातळ होत जाते. चाकाला रुळांवर धरून ठेवते ती हीच कड; ती फार पातळ झाली तर गाडी रुळांवरून घसरण्याचें भय असतें. म्हणून चाक कांतून पुन्हां योग्य आकाराला आणतात. पेन्सिलीला टोंक करतांना ती जशी आंखूड होते, तसें प्रत्येक कांतणीबरोबर चाक लहान होतें आणि इंजिन खरोखरीच बुटकें होत जातें. मग भरीच्या पट्ट्या घालून त्याची उंची सांवरावी लागते. शेवटीं ठराविक मर्यादेच्या खालीं गेलेलें चाक कितीहि चकचकीत दिसलें तरी मोडींत काढावें लागतें.

आतां छातीकडे वळावें. सोळा नळकांड्यांतील प्रत्येक दट्ट्या एका फेऱ्यांत सुमारें २६७ मिलिमीटर खालीं जातो आणि तितकाच वर येतो. पुऱ्या शक्तीवर जुन्या आल्को जातीच्या इंजिनाचे मिनिटाला सुमारें १००० फेरे होतात. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन एवढा गुणाकार करून पाहावा. एका तासांत प्रत्येक दट्ट्यानें आपल्या नळकांड्याच्या आंत सुमारें ३२ किलोमीटर येरझारा घातलेल्या असतात. पण भरलेल्या वाघिणी घेऊन तेंच इंजिन घाट चढत असेल, तर बाहेर त्या तासांत त्यानें पंधरा-वीस किलोमीटरच अंतर काटलेलें असतें. आंतला प्रवास बाहेरच्या प्रवासाहून मोठा असतो!

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. इंजिन यार्डांत नुसतें उभें असतें, गाडी जोडलेली नसते, चालक चहा घेत असतो. तरीहि पुष्कळदां तें बंद केलेलें नसतें. मोठें इंजिन थंड झाल्यावर पुन्हां चालूं करणें जिकिरीचें असतें, बॅटरीवर ताण पडतो आणि ब्रेकांतली हवा उतरते. अशा उभ्या स्थितींत मिनिटाला सुमारें ४०० फेरे धरले तरी प्रत्येक दट्ट्या तासाला जवळजवळ १३ किलोमीटर चालतो, आणि तासाला सुमारें २५ लिटर डिझेल जळतें. हा खर्च वांचविण्यासाठींच अलीकडे कांहीं इंजिनांवर लहानसें दुय्यम इंजिन बसविण्यांत आलें. पण खर्चाहून वाईट गोष्ट ही कीं, मंद आंचेवर डिझेल नीट जळत नाहीं. काजळी धरते, आणि वंगण वर चढून धुरांड्याच्या मार्गांत सांचतें. पुढें एकदम जोर लावला कीं तें सांचलेलें तेल पेटून धुरांड्यांतून ठिणग्या आणि कधीं ज्वाळाहि निघतात. ज्या दिवसांची नोंद किलोमीटरांच्या हिशेबांत शून्य म्हणून होते, त्या दिवसांतहि इंजिन आंतून म्हातारें होतच असतें.

हें आंतलें वार्धक्य ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि वैद्य जशी जीभ पाहतो तसा जाणता फिटर प्रथम धूर पाहतो. धूर काळा असेल तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडते आहे. जोर वाढवितांना क्षणभर काळा धूर येणें हा या जातीचा स्वभावच आहे, कारण हवा कोंबणारा पंखा धुराच्या झोतावर फिरतो आणि त्याला वेग धरायला थोडा अवधि लागतो. पण काळा धूर हटतच नसेल तर तो पंखा, गाळण्या किंवा फवारे बिघडले आहेत. धूर निळसर असेल तर दट्ट्याच्या कड्या झिजून वंगण जळत आहे. इंजिन तापल्यावरहि धूर पांढरा असेल तर पाणी कोठून तरी आंत झिरपत आहे, अशी शंका घ्यावी. नळकांड्याचें अस्तरहि दोन्ही बाजूंनीं म्हातारें होतें : आंतून तें दट्ट्याच्या कड्यांनीं झिजतें, आणि बाहेरून, जेथें थंड करणारें पाणी खेळतें तेथें, कंपनानें उठणारे सूक्ष्म बुडबुडे फुटून त्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. हे खड्डे अस्तर उपसून काढल्याखेरीज कोणालाहि दिसत नाहींत.

त्याहून सूक्ष्म परीक्षा तेलाची. माणसाचें रक्त तपासावें तसें शेडच्या प्रयोगशाळेंत इंजिनाच्या वंगणाचा थोडासा नमुना घेऊन विजेच्या ठिणगीनें जाळतात, आणि त्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून तेलांत कोणत्या धातूंचे कण किती आहेत हें काढतात. लोखंड वाढलें तर अस्तरें किंवा कड्या झिजत आहेत. तांबें आणि शिसें वाढलें तर दांड्याखालचीं बेअरिंगें खाल्लीं जात आहेत. सिलिका वाढली तर हवेच्या गाळण्यांतून धूळ आंत जात आहे. सोडियम दिसलें तर थंडाव्याच्या पाण्यांतले क्षार तेलांत उतरले आहेत, म्हणजे पाणीच तेलांत शिरलें आहे. बाहेरून निरोगी दिसणारें इंजिन पुढच्या महिन्यांत दगा देणार, हें अशा थेंबभर तेलावरून आधीं कळूं शकतें. मात्र त्यासाठीं एकच आंकडा पाहून भागत नाहीं. त्याच इंजिनाच्या मागच्या अनेक नमुन्यांशीं तो ताडून पाहावा लागतो.

तिसरें अंग तारांचें. जनित्रांतल्या आणि मोटारींतल्या तांब्याच्या गुंडाळ्यांवर विजेला अडविणारें वेष्टण असतें. उष्णतेनें तें वाळत जातें, ठिसूळ होतें, आणि अखेर त्याला भेगा पडतात. जाणत्यांचा असा एक ढोबळ नियम आहे कीं, सोसण्याच्या मर्यादेहून दर दहा अंश अधिक तापलें कीं अशा वेष्टणाचें आयुष्य जवळजवळ निम्मे होतें. जड गाडी घेऊन संथ गतीनें चढतांना मोटारींना वीज सर्वांत जास्त खावी लागते, म्हणून त्या तापतातहि सर्वांत जास्त. तारांचें दुखणें लहरी असतें. पावसाळ्यांत ओल धरली कीं वीज लोखंडी सांगाड्यांत उतरते आणि इंजिन मध्येंच शक्ति सोडतें. शेडमध्यें आणून कोरडें झालें कीं दोष सांपडत नाहीं. त्याच वेळीं खालच्या तळांत तेल साचलेलें असेल, तर एखादी ठिणगी आग लावावयास पुरेशी होते.

यावरून ध्यानांत येईल कीं, एकाच वर्षीं बांधलेलीं दोन इंजिनें एकाच वयाचीं राहत नाहींत. पुणें-मिरज मार्गावरील शिंदवणें आणि आदर्की येथले चढ ज्यानें वर्षानुवर्षें चढले, त्याच्या मोटारी आधीं थकतात. गोव्याच्या बाजूला कुळें ते कॅसलरॉक या ३७ फुटांस एक फूट चढणाऱ्या घाटांत मोरमुगावचा कोळसा वर नेण्यासाठीं एकाच गाडीला पुढें-मागें मिळून अनेक डिझेल इंजिनें जुंपावीं लागत. तेथें चढतांना छाती झिजे आणि उतरतांना ब्रेक. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं पुरी सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं भरलेल्या मालमोटारी सबंध वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यांतील वेर्णें येथें नेण्याची सोय झाली. त्या मार्गावर समुद्राची खारी हवा कातडी खाई. आणि रत्नागिरीजवळचा करबुडे येथला सुमारें साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा पार करतांना इंजिनाला आपल्याच धुराची हवा पुन्हां श्वासांत घ्यावी लागे.

मग इंजिनाचें वय किती धरायचें? रेल्वेच्या हिशेबांत डिझेल इंजिनाचें आयुष्य ३६ वर्षांचें मानलें गेलें. निम्म्या वयाला, म्हणजे १८ वर्षांच्या सुमारास, त्याला पतियाळाच्या कारखान्यांत पाठवून आंतबाहेर नवें करण्याची पद्धत होती. २६०० अश्वशक्तीचीं कित्येक इंजिनें तेथून ३१०० अश्वशक्तीचीं होऊन परत आलीं. मधल्या मोठ्या दुरुस्त्या परळसारख्या कारखान्यांत होत. पुण्यांतल्या एखाद्या वाड्याचीं तुळया, कौलें, जमीन, सर्व बदललें तरी लोक त्याला पेशवाईंतलाच वाडा म्हणतात. तसेंच या इंजिनाचें असतें. अंगावरचा क्रमांक जुना, सांगाडा जुना, परंतु नळकांडीं कालचीं, मोटारी परवांच्या. जन्मसालाचा आंकडा वार्धक्याविषयीं जेवढें सांगतो, त्याहून अधिक दडवितो.

परंतु गेल्या कांहीं वर्षांत या प्रश्नाला निराळेंच वळण लागलें. कल्याण-पुणें मार्गावर विजेचीं इंजिनें १९२९-३० पासूनच धांवत आहेत; आतां पुण्याहून दौंड आणि मिरज या बाजूंनाहि तारा चढल्या. कोंकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचें विद्युतीकरण २०२२ सालीं पुरें झालें. वाऱ्यावर धूर न सोडणारें आणि परदेशी तेलावर न चालणारें इंजिन देशाच्या हिताचें आहे, याविषयीं वाद नाहीं. पण त्यामुळें असें झालें कीं, २०१० च्या सुमारास बांधलेलें डिझेल इंजिन, जें हिशेबाप्रमाणें २०४६ पर्यंत चालावयाचें, तें ऐन उमेदींत बिनकामाचें ठरूं लागलें. आजवर इंजिन झिजून म्हातारें होई. आतां तें काम न उरल्यामुळें म्हातारें होऊं लागलें. आणि उभें राहिलेलें इंजिन ताजें राहत नाहीं, हें वर आलेंच आहे. न चालतां उभें ठेवलें तर रबरी जोड सुकतात, बॅटऱ्या मरतात, दट्ट्या जेथें थांबले तेथें गंज धरतो. बाहेरचा रंग मात्र तसाच राहतो.

अशा इंजिनांचें काय करावें, याचीं कांहीं उत्तरें शोधलीं गेलीं आहेत. डिझेल इंजिनांत चाकें फिरविणाऱ्या विजेच्या मोटारी असतातच, हें ओळखून वाराणशीच्या कारखान्यानें २०१८ सालीं दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांचें मिळून १०,००० अश्वशक्तीचें एक जोड विद्युत् इंजिन बनविलें. तो प्रयोग मात्र फार वाढला नाहीं. जुलै २०२० मध्यें दहा डिझेल इंजिनें बांगला देशाला देण्यांत आलीं. वादळांत तारा तुटल्या, पुरानें वीज गेली, तर गाडी ओढून आणावयास कांहीं डिझेल इंजिनें सज्ज ठेवणें हाहि शहाणपणाचाच भाग आहे. बाकीचीं तोडून त्यांचें लोखंड वितळवावें लागेल, हें खरें. पण कोणतें ठेवावें आणि कोणतें तोडावें, हें अंगावरच्या रंगावरून किंवा जन्मसालावरून ठरविलें, तर निरोगी इंजिन भट्टींत जाईल आणि भेगाळलेलें इंजिन पुराच्या रात्रीं मदतीला धाडलें जाईल. त्या रात्रीं चालकाच्या खोलींत दोन माणसें असतील आणि मागें शेंकडों.

हा निवाडा ज्यांना करतां येतो, त्यांचीहि आयुष्यें या प्रश्नांत गुंतलेलीं आहेत. ज्या फिटरनें तीस वर्षें आवाज ऐकून कोणतें नळकांडें चुकतें हें सांगितलें, त्याची विद्या पुस्तकांत पुरती उतरलेली नाहीं. विजेच्या इंजिनाचें काम तो शिकेल, शिकतोहि आहे. पण राखून ठेवलेल्या इंजिनांची नाडी पाहणारा जाणता माणूस शेडमध्यें उरला नाहीं, तर तीं राखून ठेवल्याचें समाधान कागदावरच राहील.

मुळशीच्या लोकांना हा व्यवहार अपरिचित नाहीं. त्यांच्याच तालुक्यांत अडविलेलें पाणी १९२७ पासून कोंकणांत भिरा येथें कोसळून वीज निर्माण करीत आहे. धरणासाठीं जमिनी बुडूं नयेत म्हणून सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं तेथें १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला होता. नवी शक्ति येते तेव्हां जुन्यांतलें काय मोडावयाचें आणि काय राखावयाचें, याचा हिशेब कोणाला तरी करावा लागतो. आणि तो दुरून, वरवर पाहून केला तर चुकतो. उरवड्याकडचा मुलगा घाटांतली मोटार जशी ओळखतो, रंग न पाहतां, ओझ्याखालीं तिचा आवाज ऐकून, तसाच घोरपडीच्या शेडमधल्या इंजिनाचाहि निकाल झाला पाहिजे : आधीं ओझें लावावें, कान द्यावा, तेलाचा थेंब तपासावा, आणि मगच तोडावयाच्या यादींत त्याचा क्रमांक लिहावा.